फेसाची सुई आणि वायूचा बुडबुडा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत यंत्रापुढें तासन् तास उभें राहणारा कामगारवर्ग मोठा आहे. दीर्घकाळ उभें राहिल्यानें पायांतील शिरांच्या झडपांवर रक्ताचा भार पडतो. झडपा दुबळ्या असल्या म्हणजे शिरा फुगून वेड्यावांकड्या होतात. अशा शिरांत औषधाचा फेस टोंचून त्या मिटविण्याचा उपचार आज रूढ आहे. परंतु टोंचण्यापूर्वीं पिचकारींतील हवा काढून टाकावी, हा तर परिचारिकेचा पहिला धडा. मग येथें वायु मुद्दाम कां मिसळावा, आणि त्याचें भय कितपत खरें?

द्रवरूप औषध शिरेंत शिरतांच रक्तांत मिसळून पातळ होतें. फेस मात्र रक्तास बाजूस सारून शिरेच्या भिंतीस भिडतो. १९३९ सालीं मॅक्ऑसलंड यानें बाटली हालवून केलेला फेस बारीक शिरांसाठीं वापरला. १९४४ सालीं ऑर्बाक यानें औषधापुढें थोडी हवा सोडून रक्त हटविण्याची युक्ति सांगितली. १९९५ सालीं स्पेनमधील काब्रेरा यानें सूक्ष्म फेसाचा उपचार प्रसिद्ध केला. त्यानें रक्तांत लवकर विरणारा कार्बन डायऑक्साइड घेतला होता. पुढें २००० च्या सुमारास इटलींतील तेस्सारी यानें दोन पिचकाऱ्या व तीन तोंडांची तोटी एवढ्यावरच फेस करून दाखविला. उपचार सुलभ झाला. पण सोयीसाठीं साधी हवाच वापरांत आली. हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन असतो, व तो रक्तांत फार थोडा विरघळतो.

शिरेंतून निघालेले बुडबुडे बहुधा फुप्फुसांत अडकून नाहींसे होतात. तथापि चारांतील सुमारें एका माणसाच्या हृदयांत गर्भावस्थेंतील एक छिद्र पुरतें बुजलेलें नसतें. त्या वाटेनें बुडबुडा मेंदूकडे जाऊं शकतो. कांहींना डोळ्यांपुढें क्षणभर अंधारी येते, अर्धशिशी उठते किंवा खोकला येतो. पक्षाघात अत्यंत विरळा. पण २००६ सालीं आयर्लंडमधून तशी एक हकीकत प्रसिद्ध झाली, आणि त्या रोग्याच्या हृदयांत तें छिद्र आढळलें. एका बैठकींत १० मिलिलिटरहून अधिक फेस घालूं नये, असा संकेत युरोपांतील तज्ज्ञांनीं घालून दिला. २०१३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या तयार फेसांत तर प्राणवायु व कार्बन डायऑक्साइडच मुख्य असून नायट्रोजन ०.८ टक्क्यांहून कमी असतो.

तेव्हां भयानें उपचार टाळण्याचें कारण नाहीं. मात्र हृदयांतील छिद्र, अर्धशिशी किंवा मागील खेपेस आलेली अंधारी रोग्यानें आधींच सांगावी, आणि फेस किती व कोणत्या वायूचा, हें वैद्यानें विचारपूर्वक ठरवावें.