हजार संगणक, वेग किती पट?

एकाच कामाला हजार संगणक जुंपले, तर ते हजारपट वेगाने होईल का? नाही, असे जीन ॲमडाल यांनी १९६७ साली बजावले. समजा, १०० तासांच्या कामातील ५ तासांचा भाग वाटून देता येत नाही. मग कितीही संगणक जोडले तरी ५ तास लागणारच. वेग २० पटींपलीकडे जाणार नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या जॉन गुस्टाफसन यांनी दुसरी बाजू मांडली. संगणक वाढले की आपण गणितही मोठे घेतो आणि त्यात न वाटता येणाऱ्या भागाचे प्रमाण घटते. त्यांच्या गटाने १,०२४ प्रोसेसरांवर हजारपटीहून अधिक वेग मिळवून दाखवला.

गणित तेवढेच राहिले, तर मात्र ॲमडाल यांची मर्यादा आजही सुटत नाही. म्हणून वेग वाढवू पाहणारा आधी न वाटता येणारा भाग शोधतो.