सरकारी सर्वेक्षण : प्रश्नावलीवर सूचना व हरकती

सरकारी सर्वेक्षणावर चर्चा होते ती बहुधा आकडे प्रसिद्ध झाल्यावर. वास्तविक त्या आकड्यांचे स्वरूप प्रश्नावली निश्चित होते तेव्हाच बव्हंशी ठरलेले असते. जे विचारलेच नाही, ते नंतर कोणत्याही गणिताने काढता येत नाही. म्हणूनच प्रश्नावली मसुद्याच्या अवस्थेत असताना नागरिकांकडून सूचना व हरकती मागवण्याला महत्त्व आहे.

याचे अलीकडचे उदाहरण राष्ट्रीय कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षणाचे. केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीचा मसुदा जनतेपुढे ठेवून ३० ऑक्टोबरपर्यंत अभिप्राय मागवले. केवळ कौटुंबिक उत्पन्नाला वाहिलेली ही पहिलीच देशव्यापी पाहणी. १९५० व १९६० च्या दशकांतही उत्पन्न विचारून पाहिले गेले होते. परंतु लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्या खर्च व बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले आणि तो प्रयत्न पुढे सरकला नाही. ऑगस्ट २०२५ मधील पूर्वचाचणीत ९५ टक्के उत्तरदात्यांना ही माहिती संवेदनशील वाटली. प्राप्तिकराविषयीच्या प्रश्नाला तर बहुतेकांनी उत्तर देण्याचे टाळले. मसुदा खुला करण्यामागे हा अनुभव असावा, असे मानायला जागा आहे.

मात्र अशी संधी हा नागरिकांचा हक्क नव्हे. कायद्यांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेसाठी खुले ठेवावेत, असे केंद्राचे २०१४ चे पूर्वविधिमंडळ विचारविनिमय धोरण सांगते. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीचा त्यात समावेश नाही. अमेरिकेत १९९५ च्या सुधारित कायद्यानुसार संघीय खात्यांना माहिती गोळा करण्यापूर्वी ६० दिवस आणि पुढे मंजुरीच्या टप्प्यावर आणखी ३० दिवस अभिप्रायांसाठी द्यावे लागतात. मंजुरीचा वैध क्रमांक नसलेल्या अर्जाला उत्तर दिले नाही म्हणून तेथे कोणाला दंड करता येत नाही. आपल्याकडे जनगणनेपूर्वी आकडेवारी वापरणाऱ्यांची परिषद भरते. पण तिथे मुख्यत्वे सरकारी खाती व अभ्यासकच असतात.

प्रश्नाच्या रचनेने काय फरक पडतो, हे गोव्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत राज्यातील ६६.११ टक्के लोकांची मातृभाषा कोकणी, तर १०.८९ टक्क्यांची मराठी नोंदली गेली. मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव मावते. घरात कोकणी बोलणाऱ्या आणि वाचन, पत्रव्यवहार, भजन मराठीत करणाऱ्या कुटुंबाचे मराठीशी असलेले नाते त्या रकान्यात दिसत नाही. अवगत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची सोय जनगणनेत आहे, पण वाद नेहमी पहिल्या आकड्यावरच रंगतो.

सूचना पाठवताना ‘प्रश्न चुकीचा आहे’ एवढे लिहून भागत नाही. प्रश्नाचा क्रमांक, त्यातून कोण वगळले जाते आणि पर्यायी शब्दरचना, या तीन गोष्टी दिल्यास अधिकाऱ्याला निर्णय घेता येतो. उत्पन्नाच्याच पाहणीपुरते बोलायचे, तर वर्षातील काही महिने जहाजावर असणाऱ्या माणसाची गणना कुटुंबात धरायची की नाही, पर्यटन हंगामात खोली भाड्याने देऊन मिळालेली रक्कम कोणत्या काळाची सांगायची, भाटातल्या नारळांचा घरी झालेला वापर उत्पन्नात मोजायचा का, असे प्रश्न गोमंतकीयाने विचारावेत. अन्य राज्यांतून ते येण्याचा संभव कमी.