रस्त्यात लागणारा जयस्तंभ

शिर्डीहून नगरमार्गे पुण्याला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. शिरूर, शिक्रापूर मागे पडते, कोरेगाव भीमा येते, नदीवरचा पूल संपतो आणि पेरणे गावाच्या हद्दीत एक उंच दगडी स्तंभ दिसतो. नववीच्या सहलीत एसटीच्या खिडकीतून तो दिसला, तेव्हा इतिहासाच्या बाई म्हणाल्या होत्या, “येताना थांबू.” येताना अंधार झाला होता. पुढे इंजिनीअरिंगसाठी आणि मग खराडीतल्या नोकरीसाठी त्याच रस्त्याने शेकडो वेळा गेले. तिथे उतरायला मात्र पंचवीस वर्षे लागली.

ही लढाई 1 जानेवारी 1818 ची. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली कंपनी सरकारची सुमारे आठशे माणसे शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. भीमेकाठी त्यांची गाठ दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेशी पडली. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांत लढाई झाली आणि रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. 1821 मध्ये कंपनीने आपल्या विजयाची खूण म्हणून या स्तंभाची पायाभरणी केली.

स्तंभाचा घाट आपल्याकडचा नाही. चौकोनी बैठक, वर निमुळता होत जाणारा चौकोनी खांब आणि टोकाला सुळका, हा मूळचा इजिप्तमधला आकार. युरोपातून तो इंग्रजांबरोबर इथे आला. उंची सुमारे 65 फूट. आपल्याकडच्या वीरगळांशी त्याची तुलना केली तर फरक लगेच कळतो. वीरगळावर लढणारा माणूस कोरलेला असतो, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सराही असतात. इथे चित्र एकही नाही, फक्त मजकूर आहे, इंग्रजीत आणि मराठीत. पण त्या मजकुरात साध्या शिपायांची नावे आहेत. लढाईत पडलेल्या 49 जणांपैकी 22 नावे ‘नाक’ या जोडावरून ओळखू येणाऱ्या महार शिपायांची आहेत. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे तिथे नाहीत. जिंकणाऱ्याने उभारलेल्या स्तंभावर ती असणारही नाहीत.

कंपनीने हा स्तंभ स्वतःच्या गौरवासाठी बांधला, पण पुढे त्याचा उपयोग वेगळ्याच माणसांनी केला. 1890 च्या दशकात सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. आमचे पूर्वज तुमच्यासाठी लढले, मग आम्ही अपात्र कसे, असा त्यांचा रोख होता. या दाव्याला दगडावरची नावे हा पुरावा होता. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि या जागेचा अर्थच बदलला. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला होता. या गावातून इतकी माणसे 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक फक्त आकडे बदलायचे. इराकमधल्या बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. बाकीचे आपापल्या पलटणीच्या नावाखाली आकडा होऊन राहिले. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये माफी मागितली.

हे वाचताना मला आजी आठवली. तिचे थोरले काका “बसऱ्याला गेले ते गेलेच,” एवढेच ती सांगायची. मी कधी त्यांचे नाव विचारले नाही. आता आजी नाही आणि घरात कोणालाच ते सांगता येत नाही. सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट आम्ही पहिल्या वर्षातच शिकतो. मूळ नोंदी पुसून नुसती बेरीज ठेवली, तर ती बरोबर की चूक हे नंतर कोणालाही तपासता येत नाही. आमच्या घरात नेमके तेच झाले. पेरण्याच्या स्तंभावरच्या माणसांचे वंशज दोनशे वर्षांनंतरही बोट ठेवून नाव दाखवू शकतात. मला ते जमत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गात फौजी घरांतली मुले होती. कोणाचे वडील 1971 च्या युद्धात होते, कोणाचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा मधल्या सुट्टीत आपण ते ऐकायचो आणि घंटा झाली की विसरायचो. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवणार आहे. घरातून सैन्यात गेलेल्या माणसाचे नाव, गाव, पलटण आणि साल तिच्यात लिहा. माहिती अर्धवट असली तरी चालेल. घरी वडीलधारे असतील तर येण्याआधी त्यांना विचारून या, कारण ती माहिती त्यांच्याकडेच आहे. पहिल्या पानावर मी लिहिले आहे: आजीचे थोरले काका, बसरा. नावाची जागा मोकळी ठेवली आहे.