धोटा, पडाव आणि एक पिशवी

आपल्या रेडिओवर आज आम्ही बचत गटाच्या बायका बोलणार आहोत प्रवासाबद्दल. गेल्या हिवाळ्यात आम्ही अठराजणी गोव्याला समुद्र बघायला गेलो. आमच्यातल्या बाराजणींनी त्याआधी समुद्र फक्त टीव्हीत पाहिला होता. पण निघायच्या आधी दोन प्रश्नांवर आमच्या चार बैठका झाल्या. जायचं कशानं? आणि सोबत न्यायचं काय? हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत, हे आम्हाला नंतर उमगलं. ते उमगलं ते आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी ऐकताना. म्हणून आजचं बोलणं त्यांच्यापासूनच सुरू करतो.

आमच्या गटात एक काकी आहेत. वय सत्तरीच्या पुढं. माहेर कोकणातलं, लग्न होऊन घाटावर आल्या. त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत खाली यायची. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यानंतर पणजीपर्यंत बोटींची ये-जा असायची. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ ही त्यातल्या बोटींची नावं कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहेत.

बऱ्याच बंदरांत ही बोट काठाला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यापासून बोटीपर्यंत माणसं आणि सामान न्यायचं ते पडावातून. पडाव म्हणजे मोठी होडी. लाटांवर पडाव वरखाली व्हायचा, बोट वेगळीच हलायची, आणि मधल्या क्षणी बरोबर पाय टाकून वर चढायचं. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं, पायात घोळणारं नऊवारी.

आणि सामान तरी किती! पत्र्याची ट्रंक. अंथरूण-पांघरुणाची वळकटी. पाण्यासाठी फिरकीचा तांब्या. तांदूळ, पीठ, मीठ-मसाला, एखादं पातेलं. शिदोरीला दशम्या, कारण दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी पाण्यातल्या भाकरीपेक्षा जास्त टिकते. मुंबईतल्या नातेवाइकांसाठी आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं. काकी हसून म्हणतात, “तिकीट आणि छत्री पुरुषांच्या हातात. बाकी सगळं आमच्या अंगावर.”

आम्ही विचारलं, “एवढं कशाला न्यायचात हो?”

काकींनी उत्तर दिलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, “परतीची बोट कधी मिळेल याचा भरवसा नसायचा ना. पावसाळ्यात तर चार महिने बोट बंद. एकदा गेलं की गेलं. मग घर उचलूनच न्यावं लागायचं.”

म्हणजे बघा, ओझं मोठं होतं ते बायकांना आवरता येत नव्हतं म्हणून नव्हे. वाहनाचा नेम नव्हता म्हणून. वाटेत बाईमाणसानं उतरावं अशी खाणावळ नव्हती, मुक्कामाची जागा नव्हती. ज्या वाटेवर कशाचाच भरवसा नाही, त्या वाटेवर माणूस सगळं बरोबर घेऊन निघतं.

आता एक शब्द बघू. शटल. गोव्यात हा शब्द रोज कानावर येतो. हा शब्द आला कुठून? हातमागावरून. इचलकरंजी-सोलापूरकडच्या मैत्रिणींना धोटा माहीत असेल. मागावर बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडं, तिकडून इकडं धावतो तो धोटा. इंग्रजीत त्याला म्हणतात शटल. दोन ठिकाणांमध्ये दिवसभर तशाच फेऱ्या मारणाऱ्या गाडीलाही तेच नाव पडलं. धोटा थांबला की कापड थांबतं. फेरी थांबली की काय होतं, ते पुढं सांगतो.

आपल्याकडं असा धोटा फिरायला लागला तो एसटीमुळं. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, ही राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. मग हळूहळू तालुका, बाजाराचं गाव, वाडी असं जाळं विणलं गेलं. सकाळची गाडी, दुपारची गाडी, मुक्कामाची गाडी. तिकडं कोकणात डोंगर पोखरून, खाड्यांवर पूल बांधून रोह्यापासून खाली मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत रेल्वे झाली आणि 26 जानेवारी 1998 पासून ती सबंध मार्गावर धावू लागली. गोव्यात 1980 साली कदंब परिवहन सुरू झालं. तिथल्या जुन्या कदंब राजांचं नाव त्याला दिलं आहे.

गाडीचा नेम बसला तसं बाईचं बोचकं लहान झालं. ट्रंक गेली, वळकटी गेली, फिरकीचा तांब्या माळ्यावर गेला. सकाळी जाऊन संध्याकाळी येता येतं म्हटल्यावर दवाखान्याला जायला, बँकेत जायला, माहेरी डोकावून यायला एक पिशवी पुरते. आणि एका पिशवीनं जाणारी बाई कुणाच्या सोबतीवाचून जाऊ शकते. ट्रंक उचलायला माणूस लागतो. पिशवी उचलायला लागत नाही.

आता आमच्या सहलीकडं येतो. पहिल्या बैठकीत ठरलं, गाडी भाड्यानं करायची. एका गाडीवाल्यानं दर सांगितला. गाडी सतरा सिटांची. आम्ही अठरा, शिवाय चारजणींची लहान मुलं. तो म्हणाला, “जमवून घेऊ ताई, मधे पाट टाकतो. सामान टपावर.” पैसे वाचत होते. आम्ही बऱ्याचजणी हो म्हणालो होतो.

तेव्हा काकी म्हणाल्या, “माझी आई पडावात पाय ठेवायच्या आधी माणसं मोजायची. जास्त असली तर मागं फिरायची. लोक हसायचे तिला. ती म्हणायची, ‘रामदास’ विसरलात वाटतं.”

‘रामदास’ काय, हे आमच्यातल्या तरुण मुलींना ठाऊक नव्हतं. काकींनी सांगितलं. 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला गावी निघालेली माणसं बोटीत होती. पावसाळी वादळात मोठ्या लाटेनं बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईत बातमी पोचायलाच कित्येक तास लागले. ज्या घरांचं त्यात कुणी नव्हतं, त्या घरांतही पुढं कित्येक वर्षं प्रवासाला निघताना ते नाव निघायचं.

त्या दिवसापासून आमच्या गटाचा नियम झाला. आधी माणसं मोजायची, मग बसायचं. समुद्रातली बोट असो, घाटातली गाडी असो. बोटीत अंगात घालायची जाकिटं सगळ्यांना पुरतील इतकी आहेत का, हे विचारायला लाजायचं नाही. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला अपघात झाला आणि त्यातही जीव गेले. म्हणजे ही गोष्ट जुनी झालेली नाही.

मग आम्ही एसटीनं जायचं ठरवलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढच्या तिकिटाचे पूर्ण पैसे पडतात, हा हिशेब गटाच्या वहीत आधीच मांडला. कोल्हापूरला गाडी बदलली. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, तिथून पणजी. पणजी ते मडगाव कदंबची शटल. खिडकीवर आधी तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, सीट भरल्या की गाडी सुटते, मधे कुठं थांबत नाही. उभं राहून कुणी जात नाही. मोजायचं काम तिथं खिडकीवरच होतं. काकी खूश झाल्या. म्हणाल्या, “आईला ही गाडी आवडली असती.” मांडवीवर फेरीबोटही आहे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. आमच्यातल्या दोघी त्या फेरीतून दोनदा उगाचच जाऊन आल्या.

पण गाडी बदलत जायचं म्हटल्यावर सामानाचा प्रश्न आला. टपावर टाकायची सोय नाही. म्हणून दुसरा नियम केला. आपली पिशवी आपण एका हातानं उचलून एसटीच्या पायऱ्या चढता आलं पाहिजे. कुणी दुसरीला उचलायला सांगायचं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी समाजमंदिरापुढं सगळ्यांनी पिशव्या आणून उचलून दाखवल्या. सातजणींना परत घरी जाऊन सामान काढावं लागलं.

काय निघालं त्यातून? चार किलो पीठ. डब्यात डबे. पाहुण्यांना द्यायला लाडू, तिथं पाहुणे कुणी नसताना! एकीनं पाटा-वरवंटा तेवढा ठेवला होता, असं तिची जाऊ म्हणाली.

आणि नेलं काय? एक साडी अंगावर, एक पिशवीत. समुद्राकाठची हवा दमट, जाड सुती कापड रात्रीत वाळत नाही, म्हणून पातळ कापडाची. टॉवेलऐवजी पंचा, तो घडी करून मुठीत मावतो आणि लवकर वाळतो. पाण्यात उतरायला लेकीचा किंवा सुनेचा पंजाबी ड्रेस, कारण भिजलेलं नऊवारी लाटेत पाय ओढतं. छत्री, पाण्याची बाटली, आधार कार्ड. बीपी-शुगरच्या गोळ्या पिशवीत नाही, कमरेच्या बटव्यात. चौघींत एक चार्जर. पाळीचं कापड किंवा पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, सगळ्यांत खाली नाही तर वरच. हे मुद्दाम सांगतो. आपल्या आज्यांनी हे सामान लपवून नेलं, ओलं कापड लपवून वाळवलं, आणि कित्येकींनी याच भीतीनं जत्रा-यात्रा टाळल्या. ते आपण टाळायचं कारण नाही.

पिशवी हलकी करायला आपण नव्यानं शिकत नाही. वारीला जाणाऱ्या बाया बघा. दिंडीचं जड सामान आधी गाडीत जातं, आणि बाई टाळ, तुळस आणि खांद्यावरची पिशवी घेऊन पंढरपूरपर्यंत चालते. वाटेत मुक्काम ठरलेला, जेवणाची पंगत ठरलेली. भरवसा आहे म्हणून ओझं नाही.

एक ओझं मात्र पिशवीत नव्हतं आणि तेच सर्वांत जड होतं. घरी तीन दिवस जेवण कोण करणार? एकजण पहाटे तीनला उठून तीन दिवसांच्या चपात्या लाटून आली होती. गाडीत बसल्या बसल्या झोपली, घाट काही पाहिला नाही. परत आल्यावर बैठकीत हा विषय आम्ही काढला. पुढच्या सहलीला घरच्यांनी आपलं आपण करायचं, असा तिसरा नियम झाला आहे. बघू, किती घरी टिकतो.

आता मघाशी राहिलेलं सांगतो. फेरी थांबली की काय होतं? 2021 च्या नोव्हेंबरापासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता. कामगारांची दुखणी खरी होती, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण त्या महिन्यांत आमच्या वाडीतल्या तीन मुलींची शाळा बंद झाली. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मुलगी पाठवायला घरचे तयार नव्हते. त्यातली एक पुन्हा शाळेत गेलीच नाही. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. समुद्राकाठी उभं राहून आम्ही हसत होतो, फोटो काढत होतो, तेव्हा तिची आई आमच्यात होती. ती म्हणाली, “तेव्हा गाडी चालू असती तर पोरगी आज कॉलेजात असती.” त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आमचं सांगणं एवढंच. आपल्या गावची गाडी किती वाजता येते, किती वाजता जाते, कुठली फेरी बंद झाली, हे गटाच्या वहीत लिहून ठेवा. बंद झाली तर ग्रामसभेत विचारा, डेपोला अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या. आणि पुढच्या बैठकीत आपल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, पहिल्या प्रवासाला तुम्ही कशानं गेलात आणि बोचक्यात काय होतं? ते लिहून आम्हाला पाठवा. आपल्या रेडिओवर वाचून दाखवू.

आमच्या काकी परतीच्या गाडीत चढताना दारातच थांबल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, “आजी, चला आत.” त्या म्हणाल्या, “थांब बाबा, मोजू दे.” अठरा भरल्या, मग बसल्या.