शब्दवेध : एम्बोलस

नाकाचा घोळणा फुटला की अकोला-अमरावतीकडे कापूस हाताशी असतोच. बोळा केला, नाकपुडीत बसवला. रक्तवाहिनीत असा बोळा बसवणे म्हणजे एम्बोलायझेशन. मूळ ग्रीक ‘एम्बालेइन’, आत टाकणे. त्यावरून ‘एम्बोलोस’ : पाचर, खुंटी, पंपाचा दट्ट्यासुद्धा. रक्तातून वाहत जाऊन अडकणाऱ्या गुठळीला हे नाव रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८४०च्या दशकात दिले. तेव्हा शब्द रोगाचा होता, पुढे उपचाराचाही झाला. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे सच्छिद्र कण, समजा ३०० ते ५०० मायक्रॉनचे, दबून बारीक नळीतून जातात, वाहिनीत अडकतात आणि त्यांच्याभोवती रक्त गोठते. गर्भाशयातल्या गाठींचा रक्तपुरवठा असाच तोडतात. क्षयरोग्याच्या खोकल्यातून भळभळा रक्त पडू लागले, तर तेही असेच थांबवतात.