बरानगरचा सिरोंचेकर

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींच्या मुलांस 'तुझे गाव कोणते?' असे विचारले, की ती अडखळतात. डमडमला वाढलेल्या मुलास महाराष्ट्र म्हणजे दोन वर्षांतून एकदा घडणारा आगगाडीचा प्रवास. म्हणून एके दिवशी आम्ही आमच्या दोघां मुलांस जवळच्या बरानगरास, एका मुलखी प्राण्याच्या भेटीस नेले.

तेथील भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात बारापासॉरसचा सांगाडा उभा आहे. लांबी सुमारे १४ मीटर. 'आकडेमोडीच्या घरात हाडे कशाला?' हा धाकट्याचा प्रश्न रास्त होता. संस्थापक महालनोबिस यांची जिज्ञासा अंकांपुरती नव्हती. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सनबाई येथे आल्या आणि जीवाश्मांचा अभ्यास सुरू झाला.

ही हाडे सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीची. तेव्हा चांदा जिल्हा, आज गडचिरोली. त्याच मुलखातील कोटा गावच्या जीवाश्मांकडे त्याआधी सुमारे शंभर वर्षे नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांनी विद्वानांचे लक्ष वेधले होते. नागपूरकरांस ते नाव कॉलेजामुळे ठाऊक, दगडांमुळे नव्हे! पोचमपल्लीस १९५८ साली पहिली हाडे दिसली, १९६१ साली मोठे उत्खनन झाले, आणि निदान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे निघाली. मांडीचे एक हाड १.७ मीटरहून लांब, म्हणजे आमच्याहून उंच. म्हणून 'बारा-पा', बंगालीत मोठ्या पायाचा. आणि १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष, म्हणून पुढे 'टागोराय'. हे नामकरण १९७५ साली झाले.

मुलांस एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. कवटी सापडलेली नाही, मिळाले ते थोडे दात. तेव्हा डोक्याचा आकार अनुमानाचा. थोरलीस हे भव्यतेहून अधिक आवडले. सापडले किती आणि ताडले किती, याचा हिशेब ती बराच वेळ करीत होती.

'हा मराठी की बंगाली?' असेही तिने विचारले. तो चरत होता त्यास सुमारे १८ कोटी वर्षे झाली. तेव्हा भरतखंड दक्षिण गोलार्धात, आफ्रिका व अंटार्क्टिका यांस जोडलेले होते. हिमालय नव्हता, गंगाही नव्हती.

घरी येताच धाकट्याने शेजाऱ्यांस सांगितले, 'आमच्या गावचा प्राणी पाहिला.' आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. आम्ही दुरुस्ती केली नाही.