कनू गांधी

कनू गांधी (१९१७ – १९८६) हे भारतीय छायाचित्रकार होते. महात्मा गांधींच्या आयुष्यातील अखेरच्या दशकाचे, विशेषतः वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमाच्या दैनंदिन जीवनाचे, त्यांनी केलेले चित्रण हा आधुनिक भारताच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा दृश्य दस्तऐवज मानला जातो. नात्याने ते गांधीजींचे चुलत नातू होत. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय नव्हता. आश्रमाच्या कार्यालयातील लेखनिकाचे व हिशेबाचे काम सांभाळून त्यांनी १९३८ ते १९४८ या काळात ही छायाचित्रे घेतली. गांधीजींनी त्यांना छायाचित्रणाची परवानगी देताना तीन अटी घातल्या होत्या. या अटी पाळता पाळताच कनू गांधींची स्वतंत्र छायाचित्रणशैली घडली.

कौटुंबिक पार्श्वभूमी

कनू गांधी यांचा जन्म १९१७ साली झाला. त्यांचे वडील नारणदास गांधी हे गांधीजींचे चुलत पुतणे आणि निकटचे सहकारी होते. नारणदासांचे बंधू मगनलाल आणि छगनलाल यांनीही दक्षिण आफ्रिकेपासून गांधीजींच्या कार्याला वाहून घेतले होते. १९३० साली गांधीजी दांडीयात्रेस निघाल्यानंतर साबरमती आश्रमाची व्यवस्था नारणदासांकडे आली. त्या वर्षी येरवडा तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांसाठी व्रतांविषयी जी साप्ताहिक पत्रे लिहिली, ती नारणदासांकडे येत असत. अशा घरात वाढल्यामुळे प्रार्थना, सूतकताई, वेळेचे नियमन आणि पैशापैशाचा हिशेब या गोष्टी कनूंच्या अंगवळणी बालपणीच पडल्या.

तरुणपणी वैद्यकीय शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती. परंतु आईवडिलांच्या सांगण्यावरून ते गांधीजींच्या सेवेत रुजू झाले आणि सेवाग्रामला आले.

सेवाग्राममधील वास्तव्य

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावरील शेगाव या खेड्यात राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाम्य असल्याने टपालाचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. आश्रमातील पहिली वास्तू असलेल्या आदी निवासासाठी पाचशे रुपयांहून अधिक खर्च करू नये आणि परिसरात मिळणारेच साहित्य वापरावे, असा गांधीजींचा आग्रह होता. माती, बांबू आणि कवेलू यांनी बांधलेल्या या कुट्यांच्या ओसऱ्या, ठेंगणी दारे आणि लहान खिडक्या कनू गांधींच्या छायाचित्रांत वारंवार दिसतात.

कनू यांच्याकडे पत्रव्यवहार, हिशेब आणि कार्यालयातील इतर किरकोळ कामे असत. त्यांचा आवाज चांगला असल्याने प्रार्थनेत भजन व रामधून म्हणण्यातही त्यांचा सहभाग असे. त्यामुळे आश्रमीयांच्या दृष्टीने कनू हे कॅमेरा घेऊन आलेले पाहुणे नव्हते, त्यांच्यातलेच एक होते. पुढील छायाचित्रणाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरली.

छायाचित्रणाचा प्रारंभ व तीन अटी

विनोबा भावे यांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांच्या प्रेरणेने आश्रमजीवनाची छायाचित्रे घ्यावीत असे कनूंच्या मनात आले. मात्र कॅमेऱ्यासाठी आश्रमाच्या निधीतून पैसे देण्यास गांधीजींनी नकार दिला. जेथे घराच्या खर्चावरही मर्यादा घातली होती, तेथे कॅमेरा व फिल्म यांवर लोकवर्गणीचा पैसा खर्च करणे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. पुढे उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म यांची सोय झाली.

गांधीजींनी परवानगी देताना घातलेल्या अटी पुढीलप्रमाणे होत्या:

१. फ्लॅशचा वापर करू नये.
२. छायाचित्रासाठी गांधीजींना थांबण्यास अथवा विशिष्ट पद्धतीने बसण्या-उभे राहण्यास सांगू नये.
३. छायाचित्रणाचा खर्च आश्रमावर टाकू नये.

तिसऱ्या अटीमुळे कनूंना फिल्मचा खर्च स्वतःच उभा करावा लागे. त्यासाठी ते काही छायाचित्रे वृत्तपत्रांना देत असत. या अटी पाळल्यावर त्यांना जी मोकळीक मिळाली ती अन्य कोणत्याही छायाचित्रकाराला मिळाली नाही. गांधीजींच्या खोलीत, फिरण्याच्या वेळी, रेल्वेच्या डब्यात आणि रुग्णांच्या शुश्रूषेच्या वेळी ते कॅमेऱ्यासह वावरू शकत.

तरीही ही मोकळीक अमर्याद नव्हती. १९४४ च्या प्रारंभी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गंभीर आजारी होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी कनूंना तेथे राहण्याची परवानगी मिळाली होती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी त्यांचे मस्तक गांधीजींच्या मांडीवर होते. तो क्षण टिपण्यास गांधीजींनी कनूंना मनाई केली आणि कनूंनी ती पाळली. निधनानंतर पत्नीच्या पार्थिवाजवळ भिंतीशी बसलेल्या गांधीजींचे कनूंनी घेतलेले छायाचित्र मात्र उपलब्ध आहे. त्यांच्या सर्वाधिक परिचित छायाचित्रांत त्याची गणना होते.

छायाचित्रणशैली

कॅमेरा व दृष्टिकोन

रोलायफ्लेक्स हा एकावर एक अशी दोन भिंगे असलेला जर्मन बनावटीचा कॅमेरा होय. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आरशाच्या साहाय्याने कॅमेऱ्याच्या माथ्यावरील काचेवर दिसते व खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटते. हा कॅमेरा डोळ्याला लावावा लागत नाही. तो छाती वा कमरेच्या उंचीवर धरून छायाचित्रकार मान खाली घालून काचेत पाहतो. त्याचे दोन परिणाम कनू गांधींच्या कामात दिसतात. एक म्हणजे छायाचित्रकाराचा चेहरा यंत्रामागे लपत नाही आणि त्याची नजर समोरच्या व्यक्तीवर रोखलेली नसते. त्यामुळे समोरची व्यक्ती सावध होण्याचा संभव कमी होतो. दुसरे म्हणजे चित्रणाचा बिंदू खाली येतो. चटईवर बसून लिहिणारे, सूत कातणारे अथवा जेवणारे गांधीजी या चित्रांत वरून पाहिल्यासारखे दिसत नाहीत, समोर बसलेल्या माणसाला दिसावेत तसे दिसतात.

या कॅमेऱ्याचे चित्र चौरस असते आणि एका रोलमध्ये बारा चित्रे मावतात. पदरमोड करून फिल्म घेणाऱ्यास बारांपैकी एकही चित्र वाया घालवणे परवडणारे नव्हते. बटण दाबण्यापूर्वी वाट पाहण्याची सवय त्यांच्या चित्रांत जाणवते ती याच मर्यादेतून आलेली असावी.

प्रकाश

फ्लॅश वर्ज्य असल्याने उपलब्ध प्रकाशावरच सारी भिस्त होती. त्या काळातील फिल्म आजच्या तुलनेने मंद असत. कुटीच्या आत पुरेसा प्रकाश नसताना शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागे आणि तेवढ्या अवधीत व्यक्ती हलली तर तिची आकृती पुसट होई. कनूंच्या काही छायाचित्रांतील हललेले हात, दाणेदार छटा आणि काळोखात बुडालेले कोपरे यांचे कारण हेच आहे. तांत्रिकदृष्ट्या हे दोष म्हणता येतील. परंतु खिडकीतून अथवा दारातून एका बाजूने येणारा प्रकाश व उर्वरित अंधार यांमुळे मातीच्या भिंतींचा पोत आणि खोलीचा शांतपणा या चित्रांत टिकून राहिला आहे. फ्लॅशच्या सपाट उजेडात तो नाहीसा झाला असता.

बाहेरील चित्रांत परिस्थिती नेमकी उलट आहे. विदर्भातील प्रखर उन्हामुळे पांढऱ्या खादीचे तेज व सावल्यांचा गडदपणा यांत मोठे अंतर पडते. सकाळ-संध्याकाळच्या फिरण्याच्या चित्रांत तिरप्या उन्हाने लांब पडलेल्या सावल्या आढळतात.

रचना

थांबण्यास सांगता येत नसल्याने कनूंना मिळेल त्या बाजूने चित्र घ्यावे लागे. त्यामुळे त्यांच्या अनेक छायाचित्रांत गांधीजी पाठमोरे आहेत, तर काहींत गर्दीने अर्धवट झाकलेले आहेत. एरवी नेत्याच्या छायाचित्रात चेहरा अनिवार्य मानला जातो. कनूंच्या चित्रांत पाठ, पाय, काठी, आणि सोबत चालणाऱ्यांच्या खांद्यावरील हात यांवरूनही व्यक्ती ओळखू येते. काही चित्रांत गांधीजी कडेला असून मध्यभागी रिकामी जमीन अथवा आश्रमातील अन्य माणसे असतात. आश्रम हाच चित्राचा विषय आणि गांधीजी त्यातील एक घटक, अशी मांडणी त्यामुळे अनेकदा साधली गेली आहे.

उल्लेखनीय छायाचित्रे

परचुरे शास्त्रींची शुश्रूषा: संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी अशा रुग्णांना समाजात थारा नसे. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. त्यांची कुटी आजही परचुरे कुटी या नावाने ओळखली जाते. १९४० च्या सुमाराचे या शुश्रूषेचे छायाचित्र कुष्ठकार्याच्या इतिहासात वारंवार उद्धृत होते. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी सुरू केलेल्या कुष्ठसेवेच्या कार्याची पार्श्वभूमी लक्षात घेता हे चित्र जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचाही पुरावा ठरते.

सूक्ष्मदर्शकातून पाहताना: कुष्ठरोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या गांधीजींचे हे छायाचित्र सेवाग्राम येथील आहे. वरील छायाचित्रासोबत ते पाहिल्यास सेवाभाव व जिज्ञासा या दोन्ही बाजू दिसतात.

दूरध्वनीवर बोलताना: सेवाग्रामच्या कार्यालयात दूरध्वनीचे श्रवणयंत्र कानाला लावलेले गांधीजी या चित्रात दिसतात.

शांतिनिकेतन भेट: फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी व कस्तुरबा रवींद्रनाथ ठाकूर यांच्या भेटीस गेले, त्या प्रसंगाची छायाचित्रे कनूंनी घेतली. ही गांधीजी व रवींद्रनाथ यांची अखेरची भेट ठरली. पुढील वर्षी रवींद्रनाथांचे निधन झाले.

वजनकाट्यावर: १९४५ मध्ये मुंबईच्या बिर्ला हाउसमध्ये वजनकाट्यावर उभे राहून खाली पाहणारे गांधीजी या चित्रात आहेत.

हरिजन निधी: १९४५-४६ च्या दौऱ्यात रेल्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढून हरिजन निधीसाठी देणगी स्वीकारणारे गांधीजी व फलाटावरील लोकांचे पुढे आलेले हात, अशी या चित्राची रचना आहे.

समकालीन छायाचित्रकारांशी तुलना

गांधीजींची छायाचित्रे अनेक नामवंतांनी घेतली. ‘लाइफ’ या अमेरिकन नियतकालिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले. त्यापूर्वी त्यांना चरखा चालवण्यास शिकावे लागले आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत होते. त्यांनी हत्येपूर्वीची भेट व नंतरची अंत्ययात्रा टिपली. जगन मेहता यांनी १९४७ मधील बिहारच्या शांतियात्रेचे चित्रण केले. तमिळ पत्रकार ए. के. चेट्टियार यांनी चलच्चित्राच्या माध्यमातून गांधीजींवरील माहितीपट १९४० मध्ये प्रदर्शित केला.

या सर्वांजवळ ठरावीक वेळ आणि ठरावीक प्रसंग होता. कनूंजवळ दहा वर्षे होती. त्यामुळे त्यांच्या संग्रहात घटनांपेक्षा दिनक्रमाला अधिक जागा आहे. दुसरीकडे, कनू हे कुटुंबीय व अनुयायी असल्याने त्यांची दृष्टी तटस्थ नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. गांधीजींना अमान्य असलेले चित्र ते घेत नसत. त्यांचा संग्रह अभ्यासताना निकटता ही त्याची शक्ती व मर्यादा दोन्ही आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

विवाह, नोआखाली व उत्तरायुष्य

१९४४ मध्ये कनूंचा विवाह आभा चॅटर्जी या बंगाली तरुणीशी झाला. आभा लहान वयातच सेवाग्रामला आल्या होत्या. १९४६ च्या अखेरीस नोआखालीत जातीय दंगलींनी होरपळलेल्या गावांत शांततेसाठी गांधीजी गेले, तेव्हा हे दांपत्यही त्या कार्यात सहभागी झाले. गांधीजींनी आपल्या सहकाऱ्यांना वेगवेगळ्या गावांत राहण्यास सांगितले होते. गांधीजी पुढे बिहार, कलकत्ता व दिल्लीला गेले तरी कनू नोआखालीतच काम करीत राहिले.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्या वेळी त्यांच्या एका बाजूस आभा व दुसऱ्या बाजूस मनू गांधी होत्या. कनू त्या दिवशी नोआखालीत होते. दहा वर्षे गांधीजींचे चित्रण करणाऱ्या या छायाचित्रकाराच्या संग्रहात त्यामुळे त्यांच्या अखेरच्या दिवसाचे छायाचित्र नाही.

नंतर कनू व आभा यांनी सौराष्ट्रात राजकोटजवळील त्रंबा येथे कस्तुरबाधाम या संस्थेच्या माध्यमातून ग्रामसेवेचे कार्य केले. १९३९ च्या राजकोट सत्याग्रहात कस्तुरबांना याच गावी स्थानबद्ध ठेवण्यात आले होते. १९८६ मध्ये कनू गांधी यांचे निधन झाले. आभा गांधी यांचे १९९५ मध्ये निधन झाले.

संग्रह व पुनर्मूल्यांकन

कनू गांधींची अनेक छायाचित्रे वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके आणि भित्तिचित्रे यांतून घरोघरी पोहोचली. परंतु त्यांखाली छायाचित्रकाराचे नाव बहुधा नसे. त्यामुळे चित्रे परिचित आणि चित्रकार अपरिचित अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. जर्मन संग्राहक पीटर रूहे यांनी १९८० च्या दशकापासून या छायाचित्रांच्या जतनाचे व प्रसाराचे काम हाती घेतले. २०१५ मध्ये दिल्लीच्या नझर फाउंडेशनने ‘कनूज गांधी’ हा छायाचित्रसंग्रह प्रकाशित केला. त्याची निवड छायाचित्रकार प्रशांत पंजियार व संजीव सैथ यांनी केली होती. त्यानंतर स्वतंत्र शैलीचा छायाचित्रकार म्हणून कनू गांधींच्या कामाची चर्चा होऊ लागली.

सेवाग्राम आश्रमातील आदी निवास, बापू कुटी, बा कुटी व परचुरे कुटी या वास्तू आज जतन केलेल्या स्वरूपात पाहता येतात. तेथे माणसांचा वावर असताना त्या कशा दिसत, खोलीत कोण कोठे बसे आणि ओसरीवर कोणती कामे चालत, हे समजण्यासाठी कनू गांधींची छायाचित्रे हे एक प्रमुख साधन आहे.

नामसाम्य

गांधीजींची काठी पुढे धरून त्यांना ओढत नेणाऱ्या लहान मुलाचे प्रसिद्ध छायाचित्र कनू गांधी यांचे म्हणून सांगितले जाते. तो मुलगा म्हणजे गांधीजींचे नातू कनू रामदास गांधी होत. ते पुढे अमेरिकेत अभियंता झाले व २०१६ मध्ये निवर्तले. प्रस्तुत लेखातील छायाचित्रकार कनू नारणदास गांधी हे त्यांच्याहून वेगळे आहेत. सदर छायाचित्र दांडीयात्रेतील असल्याचा समजही चुकीचा असून ते १९३७ साली मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर घेतलेले आहे.